लातूरहून थेट पुळणीवर: लहान लेकराला पहिल्यांदा समुद्र दाखवायला न्यायचं तर

आमच्या लातूरकडं पाणी म्हणलं की डोळ्यापुढं टँकर येतो, बोअर येतो, नाहीतर मांजरा धरण किती भरलं ह्याच्या गप्पा येतात. २०१६ साली तर मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, जलदूत नाव होतं त्या गाडीचं, ते दिवस काढलेल्या माणसाला आपल्या लेकराला समुद्र दाखवायची हौस जरा जास्तच असते. आणि हौस जास्त झाली की आपण सहलीची यात्रा करून टाकतोत.

आमचंबी तसंच झालं. पहिल्या खेपेला मे महिना, दोन गाड्या, अकरा माणसं, चार दिवस, आणि यादी बघा, कोल्हापूर, जोतिबा, पन्हाळा, गणपतीपुळे, पावस, रत्नागिरीचा किल्ला, मार्लेश्वर, येताना परत पंढरपूर. लेकरू तेव्हा दोन वर्षांचं होतं. त्या चार दिवसात ते समुद्रापाशी किती वेळ होतं माहितंय का, मोजून वीस मिनिटं, तीबी भर दुपारी, वाळू तापलेली, पाय टेकवला की किंचाळायचं. बाकीचा वेळ गाडीत आणि उलटीच्या पिशवीत. दुसऱ्या खेपेला, लेकरू साडेतीन वर्षांचं असताना, आम्ही तिघं आणि सासूबाई असे चौघंच गेलोत, जानेवारीत, एकच गाव, चार रात्री, दुसरीकडं कुठंच नाही. ते जमलं. म्हणून आता जे पहिल्यांदाच जाणारेत त्यांच्यासाठी क्रमानं सांगते, आमच्या चुका धरून.

आधी महिना ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बस. शाळेची सुट्टी मे महिन्यात असते हे खरंय पण शाळेत न जाणाऱ्या लेकराला मेची काय गरज? आपल्याकडं ऊन बेचाळीस असलं तरी कोरडं असतं, सावलीत बसलं की बरं वाटतं. कोकणात पारा तेहतीस दाखवतो आणि सावलीतबी घामाच्या धारा, लेकराच्या मानेला घामोळ्या, रात्री चिडचिड. जून ते सप्टेंबर तर समुद्राचं नावच काढू नका, खवळलेला असतो, जून-जुलै मासेमारीसुद्धा बंद ठेवतात, मग जिथं कोळी माणूस पाण्यात जात नाही तिथं आपण बार्शी ओलांडून आलेली माणसं काय करणार. ऑक्टोबरमध्ये पाणी शांत व्हायला लागतं पण उकाडा असतो. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत मंडणगडजवळच्या वेळासला, दापोलीच्या आंजर्ल्याला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळतात, लेकरू चार-पाच वर्षांचं असेल आणि पहाटे उठून गप बसणारं असेल तर त्या बेतानं जा, नाहीतर पिल्लं निघतील की नाही ह्याचा भरवसा नसतो आणि लेकराला ते समजावता समजावता आपली दमछाक होते.

मग गाव ठरवा, आणि एकच ठरवा

लहान लेकरासाठी बघायची गोष्ट एकच, किनारा उथळ आणि सपाट आहे का. फोटोत सगळेच किनारे सारखे दिसतात.

गणपतीपुळं आपल्याकडच्या माणसाच्या तोंडात पहिलं येतं कारण देव आहे. दर्शन जरूर घ्या, पण तिथला समुद्र फसवा आहे, पाण्याखाली वाळू एकदम उतरते, बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, लेकराला तिथं पाण्यात नेऊ नका, एवढं माझं ऐका. हरिहरेश्वरलाबी देवासाठी जा, खडक आहेत, लाटा अचानक अंगावर येतात.

त्यापेक्षा गुहागर बरं. किनारा लांबच लांब, चार-पाच किलोमीटरच्या वर, मागं सुरूचं बन आणि माडाच्या वाड्या, आणि गाव किनाऱ्याला चिकटून, म्हणजे खोलीतून चालत पाच मिनिटांत वाळूवर. दापोलीकडं मुरूड, कर्दे सपाट आहेत, रायगड जिल्ह्यात दिवेआगर सपाट आहे. तारकर्ली सुंदर आहे, पाणी स्वच्छ, पण आपल्याकडून लई लांब पडतं, आणि तिथं जाऊन स्कुबा नाही केलं, सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीतून नाही गेलं तर नवरा तोंड पाडून बसतो, लेकरू मोठं झालं की जा. आम्ही गुहागर धरलं.

कुठलंबी गाव धरा, तिथं खाडी समुद्राला कुठं मिळते ते आधी विचारून घ्या आणि ती जागा सोडून द्या. वरून पाणी शांत दिसतं पण आतून ओढ असते.

जायचं कसं

लातूर-धाराशिवकरांनी पंढरपूरवरून कराड गाठायचं, तिथून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि मग गुहागर. रत्नागिरीकडं जायचं तर सोलापूर-कोल्हापूर करून आंबा घाट. संभाजीनगर, जालना, बीडकडच्यांना पुणं, ताम्हिणी घाट, माणगाव, दिवेआगर हे सरळ पडतं. कुणीबी कुठूनबी निघा, एका दिवसात रेटू नका. "रात्री निघू, सकाळी पोचू, लेकरू झोपूनच येईल" असं म्हणणारा एक माणूस प्रत्येक घरात असतो, त्याला गप करा. लेकरू झोपतं हे खरं पण डायव्हर कधी झोपंल ते सांगता येत नाही, आणि घाट अंधारात उतरायचा नसतो. आम्ही कराडला मुक्काम केला, सकाळी सातला निघून उजेडात घाट उतरलो.

रेल्वेनं जायचं तर नांदेड-पनवेल गाडी परभणी, लातूर, धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी, पुणे करत पनवेलला जाते, तिथून कोकण रेल्वे धरता येते. गुहागरला चिपळूण स्टेशन, दापोलीला खेड, दिवेआगरला माणगाव, मालवण-तारकर्लीला कुडाळ. नागपूर-कोल्हापूर गाडीबी आपल्याकडून जाते पण ती रोज नसते, वार बघूनच बेत करा, आणि वाटेत मिरज लागलं की लेकराला सांगा इथून आपलं पाणी आलतं. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला रेल्वेत तिकीट नाही पण मग बर्थबी नाही, वेगळा बर्थ पाहिजे असेल तर रिझर्व्हेशन करतानाच पैसे भरून घ्यायचा, रात्रभर एका बर्थवर दोघं मायलेक म्हणजे दुसऱ्या दिवशी माय कामातून गेली. एसटीत पाचच्या आतलं लेकरू फुकट आणि बायकांना अर्धं तिकीट, पैशाच्या हिशोबानं एसटीसारखं काही नाही, फक्त सामान कमी ठेवा.

घाटाचं सांगते. उलटी होणारं लेकरू असेल तर घाटाच्या आधी तासभर दूध द्यायचं नाही, पोटभर जेवणबी नाही, कोरडं काहीतरी, चार मुरमुरे, बिस्किट, एवढंच. मोबाईल हातात द्यायचा नाही, खाली बघितलं की मळमळतंच. खिडकी थोडी उघडी, नजर समोर, आणि वाटेत एकदा तरी गाडी थांबवून खाली उतरवायचं. उलटीचं औषध आपल्या लेकरांच्या डॉक्टरला आधी विचारून, वजनाप्रमाणं किती द्यायचं ते लिहून आणा, मेडिकलवाल्याला विचारून देऊ नका.

खोली घेताना फोनवर काय विचारायचं

"बीच टच" ह्या शब्दावर माझा आता विश्वास राहिला नाही. पहिल्या खेपेला आम्ही घेतलेल्या लॉजवरून समुद्र दिसायचा, गच्चीवर चढून, टाचा उंच करून. चालत अर्धा तास. म्हणून आता मी असं विचारते: लेकराला कडेवर घेऊन चपला घालून निघाले तर वाळूवर पाय किती मिनिटांत पडतो, मधी मोठा रस्ता लागतो का. उत्तर देताना माणूस घुटमळला की समजून जायचं.

बाकी विचारायचं ते असं. खोली तळमजल्याला आहे का, कारण सासूबाईंचे गुडघे आणि लेकराचे जिने दोन्ही वाचतात. आवारात विहीर उघडी आहे का, कोकणात घरोघरी विहीर असते, कठडा किती उंच, जाळी आहे का, हे विचाराच, समुद्राला भिऊन आलेली माणसं विहीर विसरतात. गरम पाणी सकाळीच येतं की संध्याकाळीबी, कारण लेकराला संध्याकाळी अंगाचं मीठ काढायला लागतं. मच्छरदाणी मिळते का. लेकरासाठी वेगळा मऊ भात करून देतील का. घरगुती राहायची सोय असेल तर ह्यातलं सगळं जमतं, मोठ्या रिसॉर्टपेक्षा मला तेच बरं वाटलं, आम्ही उतरलो त्या घरच्या काकूंनी तर रात्री साडेनऊला लेकराला पेज करून दिली, बिलात लावली नाही.

पैसे रोख ठेवा थोडे. यूपीआय सगळीकडं चालतं, रेंज सगळीकडं चालत नाही.

पिशवीत काय

लोक कपडे भरतात. कपडे कमी आणि जास्तीचे पंचे असं भरा, कोकणच्या दमट हवेत वाळत घातलेलं दुसऱ्या दिवशीबी ओलंच असतं, आपल्याकडच्यासारखं तासाभरात कडकडीत नाही होत. पूर्ण बाह्यांचे पातळ सुती कपडे, गळ्याखाली दोरी असलेली टोपी पण दोरी ओढली की सुटणारी, जुनी चादर एक वाळूवर अंथरायला, प्लास्टिकची घट्ट झाकणाची बरणी शिंपल्यांसाठी, आणि टाल्कम पावडरचा डबा. पावडर कशाला? ओल्या अंगाला चिकटलेली वाळू पंच्यानं पुसायला गेलं की कातडी सोलते आणि लेकरू रडतं, त्यावर पावडर टाकली की वाळू कोरडी होऊन हातानं झटकली जाते. फक्त तोंडापासून लांब टाका, श्वासात जायला नको.

खेळण्यात बादली-फावडं विकत घेऊ नका. घरातलं जुनं पातेलं, एक डाव, चहाची गाळणी. गाळणीनं आमच्या लेकरानं दोन तास काढलेत.

डायपर लावणारं लेकरू असेल तर साधा डायपर समुद्राच्या पाण्यात नेऊ नका, पाणी पिऊन पायलीएवढा फुगतो आणि लेकराला चालता येत नाही. पाण्यात जायचा वेगळा डायपर मिळतो, नाहीतर सुती चड्डी.

औषधांची पिशवी वेगळी आणि हाताशी. तापाचं औषध, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर, बँडेज, चिमटा, आणि लेकराचं रोजचं काही असेल ते.

भरती-ओहोटी, हे जरा नीट वाचा

मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर पहिली सहल एवढी वाया गेली नसती. समुद्र दिवसातून दोनदा वर येतो, दोनदा खाली जातो, एका भरतीपासून दुसऱ्या भरतीला साधारण साडेबारा तास, म्हणून रोज वेळ पाऊण तासानं पुढं सरकते. आता ती वेळ काढायची कशी, तर आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून, ज्यावर आपण एकादशी-चतुर्थी बघतोत. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. एकादशी असेल तर अकराचे पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमाराला आणि रात्रीबी त्याच सुमाराला पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे दुपारी सव्वादोन. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, सकाळ-संध्याकाळ सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. हा ठोकताळा आहे, जागेप्रमाणं अर्धा-पाऊण तास इकडं तिकडं होतं, नक्की वेळ गावात मासेमारी करणाऱ्यांना विचारा.

सासूबाईंना हे गणित एवढं आवडलं की त्या रोज सकाळी चहा घेता घेता सांगायच्या, आज द्वादशी, नवाला भरणारे. आयुष्यभर तिथ्या मोजल्या उपासासाठी, आता पहिल्यांदा पाण्यासाठी.

ह्याचा लेकराला काय उपयोग? लेकरू वाळूवर न्यायच्या वेळा दोनच, सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी चारनंतर. अष्टमीच्या आसपास गेलात तर बरोबर त्याच दोन वेळांना पाणी वर आलेलं, वाळू थोडीशी उरलेली, आणि सगळा मोकळा किनारा भर दुपारी उन्हात. त्याच्या उलट त्रयोदशीपासून पुढं पौर्णिमा किंवा अमावस्या धरून द्वितीयेपर्यंत गेलात तर भरती दुपारच्या आसपास, लेकरू तेव्हा झोपलेलं, आणि संध्याकाळी चार-पाच-सहाला पाणी दूर गेलेलं, ओली कडक वाळू लांबवर मोकळी. त्या वाळूवर घोट्याएवढ्या पाण्याची डबकी राहतात, लेकराचा समुद्र म्हणजे ती डबकी. फक्त एक लक्षात ठेवा, पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी जेवढं लांब जातं तेवढंच जोरात परत येतं, ओढ जास्त असते, म्हणून त्या दिवसांत खेळ डबक्यातच, लाटेत नाही, आणि पाणी वळलं की सामान उचलायचं. गाडी वाळूवर तर नेऊच नका. भरतीत फसलेल्या गाड्या ट्रॅक्टरनं ओढताना आम्ही दोन बघितल्या.

पहिला दिवस: पाण्यात नेऊ नका

खरंच. पहिल्या संध्याकाळी फक्त वाळू. आपल्याला वाटतं लेकरू समुद्र बघून उड्या मारील, आमचं लेकरू लाटेचा आवाज ऐकून माझ्या गळ्याला जे चिकटलं ते पाऊण तास. मी त्याला ओढत नेलं नाही, पहिल्या खेपेला तीच चूक केली होती, त्याच्या बापानं हसत हसत पाण्यात उभं केलं आणि पुढचे दोन दिवस लेकरू वाळूचं नाव काढलं की रडायचं.

ह्या वेळी लाटेपासून लांब चादर टाकून बसलो. थोड्या वेळानं लेकराचं लक्ष खाली गेलं. ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्या पडलेल्या, मोहरीपेक्षा मोठ्या, साबुदाण्याएवढ्या, आणि त्या गोळ्यांची एका भोकाभोवती किरणासारखी नक्षी, जशी तुळशीपुढं ठिपक्यांची रांगोळी. ते बोटाच्या पेराएवढ्या खेकड्यांचं काम असतं, ते वाळू तोंडात घेऊन त्यातलं खायचं तेवढं खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतात. गप बसलं की ते बाहेर येतात, पाऊल वाजलं की गडप. लेकरू माझ्या मांडीवरून उतरलं, ओणवं झालं, श्वास रोखून बघायला लागलं. एक खेकडा बाहेर आला, दोन गोळ्या केल्या आणि आत. "मम्मी, ते साबुदाणा करायले." झालं, त्यानंतर लाटेचा आवाज त्याला ऐकूच आला नाही.

जाताना लेकरानं लाट लांबून बघितली आणि विचारलं, एवढं पाणी कुणाच्या शेतात सोडायलेत. सासूबाई म्हणल्या, देवाच्या.

दुसऱ्या दिवसापासून पाणी, पण असं

लेकरापासून हाताच्या अंतरावर मोठं माणूस पाहिजे. दहा पावलांवर बसून लक्ष ठेवणं हे लक्ष नाही. लेकरू घोट्याएवढ्या पाण्यात पालथं पडलं तरी बुडू शकतं आणि बुडताना ते ओरडत नाही, हात हलवत नाही, गप खाली जातं. चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघायलाय, म्हणून आमच्यात नियम, तोंडानं मोठ्यांदा सांगायचं, "आता तुझी पाळी", आणि समोरच्यानं "हं" म्हणल्याशिवाय सोडायचं नाही. ज्याची पाळी त्याच्या हातात मोबाईल नाही. फोटो दुसऱ्यानं काढायचा.

पाण्याकडं पाठ करून उभं राहायचं नाही. हवेची ट्यूब, हवेचं बदक, असलं काही समुद्रात वापरू नका, ते तळ्यासाठी ठीक, समुद्रात वारा ते लेकरासकट आत नेतो. सगळीकडं लाटा फुटायल्यात आणि मधीच एक पट्टा शांत दिसतोय, तिथं लेकराला खेळवू असं वाटतं, तोच पट्टा वाईट, किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत जात असतं. मोठं माणूस त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडं तोंड करून झगडायचं नाही, आडवं पोहत बाजूला सरकायचं आणि मग बाहेर यायचं. जीवरक्षक असेल तिथंच उतरा, तो शिट्टी मारतो तेव्हा हुज्जत घालू नका, तो रोज तिथं असतो आपण चार दिवसांचे.

लेकराच्या नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला आणि मिनिटभरात खेळायला लागलं तर ठीक. पण नंतर खोकला थांबेना, श्वास जोरात चाललाय, लेकरू सुस्त पडलंय, तर रात्र काढू नका, दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

होडीतून डॉल्फिन बघायला नेतात. लेकराच्या मापाचं लाईफ जॅकेट दाखवा म्हणा, मोठ्या माणसाचं जॅकेट लेकराला घातलं तर ते पाण्यात गळ्यातून निसटतं. मापाचं नसेल तर नाही जायचं. आम्ही नाही गेलो, आणि लेकराला त्याचं काही वाटलं नाही, वाईट त्याच्या बापाला वाटलं.

ऊन आणि मीठ

दहा ते चार खोलीत, नाहीतर सावलीत. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं, बाहेर पडायच्या वीसेक मिनिटं आधी, कान आणि पायाची वरची बाजू विसरायची नाही, दोन तासांनी आणि पाण्यातून आलं की परत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लावायचं नसतं, त्याला कपडे आणि सावली. "आम्ही उन्हात शेतात वाढलोत, काही होत नाही" असं आजोबा म्हणतील, पण वाळू आणि पाणी दोन्ही ऊन परत फेकतात, छत्रीखाली बसूनबी तोंड भाजतं.

डोळ्यात वाळू गेली तर चोळू द्यायचं नाही, पिण्याच्या स्वच्छ पाण्याची धार धरायची. खोलीवर आलं की आधी बाहेरच्या नळाखाली पाय, मग गोड्या पाण्यानं अंघोळ, जांघेत आणि बगलेत वाळू राहिली की रात्री लाल होतं. वर थोडं खोबरेल तेल.

खाणं

दोन दिवसांचं घरून न्या. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी मोठ्यांना, राजगिऱ्याचे लाडू, मेतकूट. तिथं तांदूळ मुबलक, मऊ भात, मेतकूट, तूप एवढ्यावर आमचं लेकरू चार दिवस खूश होतं, वर घावणे, आंबोळी, उकडीचे मोदक. शहाळ्याचं पाणी द्या पण शहाळं समोर फोडून घ्या. सोलकढीत मिरची-लसूण असतो, आधी स्वतः चाखा.

मासे पहिल्यांदा देणार असाल तर घासभरच, दिवसा, आणि पापलेटसारखा कमी काट्याचा, तोबी बोटांनी कुस्करून काटा बघून. कोळंबी-खेकडा पहिल्यांदाच, घरापासून एवढ्या लांब, लहान लेकराला देऊ नये असं माझं मत, अंगावर पित्त उठलं की पळापळ होते.

सासूबाईंचं ज्वारीशिवाय भागत नाही म्हणून पिठाचा डबा नेला होता. काकूंनी हौसेनं करायला घेतली, त्यांची सवय तांदळाच्या उकडीची, ज्वारीची भाकरी थापताना दोनदा तुटली. मग सासूबाईंनीच पदर खोचला. दुसऱ्या दिवशी काकूंना यायला लागली आणि सासूबाई घावणे शिकल्या, त्या दोघींची सहल स्वयंपाकघरातच झाली म्हणलं तरी चालंल.

दुखलं-खुपलं तर

जुलाब लागले की ओआरएस, पाकीट जेवढ्या पाण्याला सांगितलंय तेवढ्याच पाण्यात, अर्धं अर्धं करायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. थोडं थोडं चमच्यानं. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, तर डॉक्टर.

किनाऱ्यावर निळसर किंवा पारदर्शक थुलथुलीत काही पडलेलं दिसलं तर हात लावू देऊ नका, जेलीफिश मेलेला असला तरी डसतो. डसलाच तर समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, गोड्या पाण्यानं नाही, चोळायचं नाही, चिकटलेले धागे चिमट्यानं काढायचे आणि डॉक्टरकडं.

चपला, बूट घालायच्या आधी झटका. कोकणात लाल विंचू असतो आणि लहान लेकराला तो जिवावर बेतू शकतो, घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही. ह्या विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिन नावाचं औषध वापरून कित्येक जीव वाचवणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे मला तिथं गेल्यावर काकूंकडून कळलं, आपल्याला आपलं ठाऊक नसतं.

गावात पोचल्या पोचल्या जवळचा दवाखाना कुठं आणि रात्री उघडा असतो का हे विचारून ठेवा.

आमचा दिवस कसा जायचा

सकाळी साडेसहाला वाळू, साडेनऊला परत, अंघोळ, नाश्ता. मग वाडीत माडाखाली खेळ, मांजर, काकूंचं अंगण. बाराला जेवण, झोप चार वाजेपर्यंत, आपणबी झोपायचं, आपणबी सुट्टीवर आहोत हे विसरायला होतं. साडेचारला परत वाळू, दिवे लागायच्या आत खोलीवर. आठला जेवण, नऊला लेकरू गार. एक दिवस संध्याकाळी व्याडेश्वराचं दर्शन घेतलं, तेवढंच फिरणं. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला चुळबुळ सुटली, इथपर्यंत आलोत तर अमुक बघून येऊ, एवढे पैसे घातलेत. मी म्हणलं तुम्ही जा, गाडी घ्या. गेले आणि दोन तासांत परत आले, घाम पुसत, आणि गाळणी घेऊन लेकरापाशी बसले.

परतताना

शिंपले आणा पण रिकामे, आत जीव नाही बघून, आणि घरी आल्यावर उकळत्या पाण्यातून काढा, नाहीतर गाडी पंढरपूरच्या पुढं आली की वास सुटतो. गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवून घ्या, खाऱ्या हवेनं पत्रा गंजतो.

आणि लेकराचं सामान निघायच्या आधी तपासा. आमच्या लेकरानं पाण्याच्या बाटलीत समुद्र भरून आणला होता, आजीच्या तुळशीला घालायला, सकाळी आम्ही उठायच्या आत घातलाबी. खारं पाणी कुंडीत गेलं तर लगेच भरपूर गोडं पाणी घालून मीठ खालून वाहून जाऊ द्यायचं, वाट बघायची नाही. आम्ही दुपारी बघितलं, तोवर उशीर झाला होता, नवीन रोप लातूरच्या गोलाई बाजारातून आणलं.